गाडीवरचा ओरखडा



पूर्वी आपल्या दारात बैलगाडी असे. तिच्या साटीला ओरखडा उठला म्हणून कोणाचा जीव कधी खालीवर झाला नाही. आता बऱ्याच घरांसमोर चारचाकी उभी असते. कोणाची नवी, कोणाची जुनी विकत घेतलेली, कोणाची कर्जावरची, तर कोणाच्या लेकीने नोकरीला लागल्यावर घेतलेली. गाड्या बदलल्या, पण पाणंदी त्याच राहिल्या. दोन्ही बाजूंनी बाभळी, बोराटी आणि घाणेरी आत झुकलेली असते. उसाच्या फडाला लागून गाडी काढली की पात दारावरून करकरत जाते. उसाच्या पातीची कड करवतीसारखी असते आणि तिच्यात वाळूत असते तीच सिलिका असते. ज्याने उघड्या हाताने पाचट काढले आहे त्याला हे सांगायला नको.

त्यामुळे ‘गाडीवरचे ओरखडे घरच्या घरी काढता येतील काय? पॉलिशचे मशीन घ्यावे काय?’ असे आता बरेच जण विचारतात. काढता येतात. पण सगळे नाही, आणि कोणते काढायचे हे न कळता जो मशीन हातात धरतो तो शंभराचे नुकसान हजारावर नेतो. मी तसे नेले आहे. म्हणून आधी ती फजिती सांगतो आणि मग कृतीकडे येतो.

२०१६ सालच्या भाऊबिजेला माझी धाकटी बहीण आणि पाव्हणे नवी गाडी घेऊन आले. चंदेरी रंगाची, घेऊन जेमतेम तीन आठवडे झालेली. पाव्हण्यांनी दोन वर्षांच्या उसाच्या बिलातून थोडे थोडे मागे टाकून पहिला हप्ता भरला होता आणि बाकीचे कर्ज होते. गाडी आमच्या गोठ्याच्या पडवीला लावली. आम्ही सगळे आत ओवाळणीत. बाहेर आमच्या सहा वर्षांच्या चिरंजीवांनी खापरीचा तुकडा घेतला आणि मागच्या दारावर ट्रॅक्टर काढला. ट्रॉलीसकट. चाकेही चांगली गोल काढली होती, हे आता हसत लिहितो. त्या दिवशी मी त्याला दोन चपराका लावल्या आणि तो रडत कडब्याच्या गंजीमागे जाऊन बसला.

पाव्हणे एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते. बहीण म्हणाली, “जाऊ दे दादा, पोरच आहे.” पण तिचा चेहरा पाहवेना. मी म्हणालो, “दुपारपर्यंत घालवून देतो, तुम्ही जेवून घ्या.” शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातून ग्राइंडर आणला, त्याला लोकरीचा बफ बसवला, तालुक्याहून कंपाऊंडचा डबा मागवला आणि बटण दाबले. दहा सेकंदसुद्धा झाले नसतील. दाराच्या मधोमध आडवी घडी असते ना, पत्रा दुमडून जी धार आणलेली असते, तिच्यावर बफ टेकला आणि तळहाताएवढी जागा आधी धुरकट झाली, मग रंग निघून खालचे करडे अस्तर उघडे पडले. जळक्या रंगाचा तो वास अजून माझ्या नाकात आहे.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला एका म्हाताऱ्या पेंटर-मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी जळलेल्या जागेकडे फारसे पाहिले नाही. त्यांनी ओला फडका घेऊन माझ्या पोराच्या ट्रॅक्टरचा उरलेला अर्धा भाग पुसला, आणि पाणी होते तेवढा वेळ ट्रॅक्टर दिसेनासा झाला. पाणी सुकल्यावर पुन्हा दिसू लागला. ते म्हणाले, “भाऊ, हे तर नुसत्या हाताने गेले असते.”

त्या एका वाक्याने मला चार हजार रुपयांच्या बिलापेक्षा जास्त लागले. दार नव्याने रंगवून घेतले, पण चंदेरी रंग जुन्याशी तंतोतंत जुळवणे फार अवघड. त्यात धातूची बारीक चकाकी असते आणि ती फवाऱ्यात कशी बसते यावर छटा बदलते. दुपारी फरक कळत नसे, पण तिन्हीसांजेला ते दार वेगळे दिसे. पुढच्या भाऊबिजेला बहीण एस.टी.ने आली, एकटीच. मी विचारले, “गाडी का नाही आणली?” ती म्हणाली, “सर्व्हिसिंगला टाकली आहे, दादा.” मी पुढे काही विचारले नाही.

असो. आता मिस्त्रींनी पाण्याने काय पाहिले ते समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे.

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. सगळ्यात खाली पत्रा. त्यावर गंज धरू नये म्हणून प्रायमरचे अस्तर. त्यावर रंग. आणि त्या रंगावर काचेसारखा पारदर्शक थर, ज्याला पेंटर नुसते ‘क्लिअर’ किंवा लॅकर म्हणतात. आपल्याला जी चमक दिसते ती या वरच्या थराची. आता हे सगळे मिळून जाडी किती? साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक म्हणजे मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. आणि वरचा पारदर्शक थर बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनच असतो. म्हणजे केसापेक्षाही पातळ. आपले सगळे घासणे, पुसणे, चमकवणे त्या एवढ्याशा थरात उरकायचे असते.

आणि कंपाऊंड ओरखडा बुजवत नाही. हा गैरसमज मलाही होता. शेतात नांगराचे तास राहिले असेल आणि जमीन सपाट करायची असेल तर दोन मार्ग असतात. बाहेरून माती आणून तास भरायचे, नाहीतर दोन्ही कडांची माती ओढून सगळे रान त्या तासाच्या तळाइतके खाली आणायचे. कंपाऊंड हे दुसऱ्या प्रकारचे काम करते. त्यात बारीक दाणेदार भुकटी असते. ती ओरखड्याच्या आजूबाजूचा थर खरवडून त्याच्या तळापर्यंत आणते, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. आता तुम्हीच सांगा, वरची सुपीक माती वीतभर असताना हातभर खोल चर सपाट करायला गेलात तर काय वर येईल? मुरूम. माझ्या हाती तेच आले.

तेव्हा मशीनला हात लावण्याआधी ओरखडा पारखा. आधी ती जागा स्वच्छ धुऊन घ्या. पाणी लावल्यावर ओरखडा नाहीसा होत असेल तर तो वरच्या पारदर्शक थरात आहे आणि तो बहुतेक निघेल. मग नख त्यावरून आडवे फिरवा, जोर न लावता. नख न अडकता सरकले तर काम सोपे. नख किंचित अडखळले तर पूर्ण जाणार नाही, पण कडा गुळगुळीत होऊन नजरेला कमी येईल. नख खटकन अडकले, किंवा आत करडा-पांढरा थर वा पत्रा दिसू लागला, तर मशीन खाली ठेवा. तिथे रंगच उरलेला नाही, मग घासणार काय?

अशा खोल ओरखड्यात लोखंडी पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्याची वाट पाहू नका. गंज रंगाखालून पसरतो आणि वरून दिसतो तेव्हा आत बराच पुढे गेलेला असतो. कोकणात, खाऱ्या वाऱ्यात, तर फारच लवकर. रंगाचा नंबर गाडीवरच एका पट्टीवर लिहिलेला असतो, बहुधा दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली. तो सांगून टच-अपची छोटी बाटली आणावी, गंजाचा ठिपका बारीक कागदाने काढावा, पुसावे, आणि बारीक ब्रशने पातळ पातळ थर दोन-तीनदा भरावेत. दिसायला ठिगळ राहील, पण पत्रा वाचेल. पुढचा-मागचा बंपर मात्र बहुतेक गाड्यांना प्लॅस्टिकचा असतो. तो गंजत नाही, तिथे घाई नको.

एकच लहान ओरखडा असेल, लांबी वीतभर, पाण्याने दिसेनासा होणारा, तर मशीनची गरजच नाही. मऊ फोमचा तुकडा किंचित ओला करावा, बारीक कंपाऊंड हरभऱ्याएवढे घ्यावे, आणि ओरखड्याला आडवे, बेताच्या जोराने वीस-तीस वेळा घासावे. पुसून पाहावे. हवे तर पुन्हा. टूथपेस्टने ओरखडे जातात असे कोणी सांगते. तीत बारीक खरवडणारी भुकटी असते हे खरे, त्यामुळे अगदी पुसट रेघ जाते, पण ती दातांसाठी केलेली आहे. राख, काथ्या, भांड्यांची पावडर, तारेची घासणी यांतले काहीही गाडीला लावू नका. आमच्या गावात एकाने पांढऱ्या गाडीचा डाग घासणीने काढला. डाग गेला आणि ताटाएवढी मंद पडलेली जागा कायमची राहिली.

मशीनचे काम केव्हा? सगळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेघा दिसतात तेव्हा, किंवा पाणंदीत एका बाजूची दोन्ही दारे पातीने भरली आहेत तेव्हा. ते हाताने करायचे म्हटले तर खांदा निखळेल.

मशीन दोन जातींचे मिळते. एकात पॅड एकाच आसावर गरगर फिरतो. याला रोटरी म्हणतात. पेंटर बहुधा हेच वापरतात. काम झपाट्याने होते, पण एका जागी उष्णता साठते आणि नवशिक्याच्या हातून रंग जळतो. दुसऱ्यात पॅड फिरतो आणि त्याच वेळी लहानशा घेरात हेलकावे खातो. दुकानदार त्याला ‘डी.ए.’ म्हणतात. त्यातले साधे मशीन जास्त दाबले तर पॅडचे फिरणेच थांबते, म्हणून ते चुका पोटात घालते. घरी वापरायला घ्यायचे असेल तर हेच घ्या. थोडा वेळ जास्त लागेल, लागू द्या.

आणि ग्राइंडर? चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. पॉलिशचे रोटरी मशीन ६०० ते ३,००० मध्ये चालते आणि कामाचा वेग त्याच्याही निम्म्यात असतो. आता माझ्या दाराचे काय झाले ते कळले ना? एवढ्या वेगाला लोकरीचा बफ चिंध्या होऊन अंगावरही येऊ शकतो. माझे डोळे वाचले हे नशीब. ग्राइंडर लोखंडासाठी आहे, त्याला तिथेच राहू द्या.

पॅडमध्येही प्रकार आहेत. लोकरीचा पॅड सगळ्यात जास्त खातो, कडक फोम त्याहून कमी, मऊ फोम अगदी शेवटच्या चमकेसाठी. तसेच कंपाऊंड जाडे, मध्यम आणि बारीक मिळते. आपल्या घरातल्या बायकांना हे गणित उपजत कळते. पितळी तांब्या आधी चिंच लावून जाड राखेने, मग चाळलेल्या बारीक राखेने आणि शेवटी कोरड्या फडक्याने. फक्त इथे एक उलटे आहे. गाडीवर सुरुवात नेहमी बारकापासून करायची. मऊ पॅड आणि बारीक कंपाऊंडने काम भागले तर पुढे जायचेच नाही. न भागले तर एक पायरी जाडे. थर एकदा गेला की परत येत नाही.

आता कृती. गाडी आधी भरपूर पाण्याने भिजवा, म्हणजे माती आपोआप खाली वाहील. मग गाडीच्या शाम्पूने, मऊ कापडाने, वरून खाली धुवा. चाके आणि खालचा चिखल शेवटी, आणि त्याचे फडके वेगळे. इथे एक कानउघाडणी केल्याशिवाय राहवत नाही. बहुतेक गाड्यांवरच्या गोल रेघा बाभळीने पाडलेल्या नसतात, त्या आपणच पाडतो. सकाळी धुळीने भरलेली गाडी खांद्यावरच्या टॉवेलने कोरडीच पुसायची, ही आपली सवय. धूळ म्हणजे बारीक खडे. टॉवेलखाली ते खडे धरून आपण रोज गाडी घासत असतो. ताडपत्रीचेही तेच. धुळीच्या गाडीवर ताडपत्री टाकली आणि वारा सुटला की ती रात्रभर घासत राहते. शिवाय बॉनेटवर शेवया वाळत घालणाऱ्यांना माझे काही म्हणणे नाही, फक्त ताट ओढून काढू नका, उचलून काढा.

गाडी सावलीत घ्या. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. इंजिन तापलेले असताना बॉनेटला हात लावू नका. उन्हात कंपाऊंड लावताक्षणी वाळते आणि वाळलेले कंपाऊंड खरवडते. दाराच्या कडा, पत्र्याच्या घड्या, रबरी पट्ट्या, काळे प्लॅस्टिक, स्टिकर यांवर पेंटरांची कागदी चिकटपट्टी लावा. कडेवर आणि घडीवर रंग पातळ असतो, आणि पॅडचा सगळा भार तिथल्या बारीक रेघेवर येतो. मशीनने रंग उडतो तो नव्वद टक्के वेळा तिथेच, असे मिस्त्री म्हणत. बंपरवर दुप्पट जपा. लोखंडी पत्रा उष्णता पसरवून टाकतो, प्लॅस्टिक ती जागच्या जागी धरून ठेवते.

एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच तुकडा धरा. पॅडवर कंपाऊंडचे वाटाण्याएवढे चार-पाच ठिपके द्या. पॅड गाडीवर टेकवा आणि मगच बटण दाबा, नाहीतर कंपाऊंड तुमच्या सदऱ्यावर आणि भिंतीवर जाईल. पहिला हात अगदी कमी वेगाने, नुसते पसरवण्यापुरता. मग वेग वाढवा. रोटरी असेल तर १,००० ते १,५०० फेऱ्यांच्या पुढे नवशिक्याने जाऊच नये. मशीन पेरणीसारखे चालवा: एक पट्टा गेला की पुढचा त्याच्यावर अर्धा चढवून. आधी आडवे, मग उभे. हात सावकाश, सेकंदाला इंच-सव्वा इंच, पण एका जागी कधीही थांबायचे नाही. पॅड पूर्ण सपाट टेकलेला हवा. एका कडेवर तिरका धरून घासले की तिथेच खड्डा पडतो. जोर मशीनच्या वजनाइतकाच, वरून बेताचा हात. चार ते सहा वेळा फिरून झाले की थांबा, पुसा, पाहा.

मधूनमधून हाताची पालथी बाजू पत्र्याला लावून बघा. कोमट लागले तर चालेल. चटका बसत असेल तर थांबा आणि निवू द्या. पॅडकडेही लक्ष ठेवा. त्यावर गाडीचा रंग उतरलेला दिसला तर ताबडतोब बंद करा, कारण पारदर्शक थर संपला असा त्याचा अर्थ. पॅड मधून मधून ब्रशने झाडा, नाहीतर जुने वाळलेले कंपाऊंड नव्या रेघा पाडते.

पुसण्यासाठी स्वच्छ मायक्रोफायबरचा कपडा घ्या. जमिनीवर पडला तर तो बाद, कितीही झटकला तरी. आणि इथे एक फसगत होते ती सांगतो. बऱ्याच कंपाऊंडमध्ये तेलकट अंश असतो. तो रेघांत भरून बसतो आणि ओरखडा गेल्यासारखा वाटतो. चार दिवसांनी गाडी धुतली की ओरखडा परत हजर. म्हणून खरा निकाल पाहायचा तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तितकेच पाणी मिसळून त्याने तो तुकडा पुसा आणि मग टॉर्च तिरका धरून पाहा. राहिले असेल तर अजून एक फेरी. पण एकाच रेघेसाठी फेऱ्यांमागून फेऱ्या करू नका. ऐंशी टक्के गेले, समाधान माना, उरलेला थर पुढच्या वर्षांसाठी ठेवा. गाडी विकताना घेणारा एक रेघ माफ करतो, उडालेला रंग करत नाही.

जाडे कंपाऊंड वापरले असेल तर त्याचाच एक धुरकटपणा मागे राहतो. तो बारीक पॉलिश आणि मऊ फोमने काढायचा. शेवटी मेण. चांगल्या मेणात कार्नोबा असतो. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचे ते मेण. मेण ओरखडा काढत नाही, पाणी ठरू देत नाही आणि पुढची धूळ सहज धुतली जाते. कपड्यांच्या पावडरीने गाडी धुतलीत की ते मेण गेलेच म्हणून समजा.

विजेबद्दल दोन शब्द. मशीन अर्थिंग असलेल्या तीन पिनी प्लगलाच लावा. जमीन कोरडी हवी, नुकत्याच धुतलेल्या गाडीच्या ओलीत उभे राहून नको. वायर खांद्यावरून मागे टाका, म्हणजे पॅडमध्ये गुंडाळली जाणार नाही. पदर, ओढणी, मफलर, मोकळे केस आवरून घ्या. डोळ्यांना चष्मा, नाकाला फडके. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे बटण अडकवून ठेवायची सोय वापरू नका. मधेच वीज जाते, आपण मशीन तसेच गाडीवर टेकवून चहाला जातो, आणि वीज आली की ते आपोआप सुरू होऊन नाचत सुटते. होल्टेज कमी असेल तर मशीन रेंगाळते, तेव्हा दाबून काम काढू नका, दुसऱ्या वेळी करा.

ट्रॅक्टरचे थोडे वेगळे. उन्हाने लाल बॉनेट गुलाबी-पांढुरके झालेले तुम्ही पाहिले असेल. पुष्कळ ट्रॅक्टरांवर आणि जुन्या जीपगाड्यांवर वरचा पारदर्शक थर नसतो, नुसता रंग असतो. ओळखायची खूण सोपी: दिसणार नाही अशा कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने थोडे कंपाऊंड घासा. फडके लाल झाले तर एकच थर आहे. तिथे फडक्यावर रंग आला म्हणून घाबरायचे नाही, वरचा मेलेला रंग निघतो आहे आणि खालून ताजा दिसेल. अशा बॉनेटवर पहिल्यांदा हात शिकून घ्यावा. झाकण, पत्रा, भंगारातले दार, काहीही चालेल. जुने रंगारी गाडीच्या फवारणी-रंगाला अजून ‘ड्यूको’ म्हणतात, ते १९२० च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या एका लॅकरचे नाव. नाव टिकून राहिले, रंगाची जात मात्र बदलली. म्हणून जुन्या गाडीवर शिकलेला हात नव्या गाडीवर तसाच चालवू नका.

मी स्वतः २०१९ साली मशीन घेतले, हेलकाव्याचे. आधी त्याच मिस्त्रींकडे चार रविवार जाऊन भंगारातल्या एका दारावर हात बसवला. पहिल्या दिवशी त्यांनी मशीन दिलेच नाही, नुसते धुवायला आणि टेप लावायला लावले. घरी आल्यावर मशीन मी घेतले खरे, पण चालवते आमची मंडळी. तिचा हात एका लयीत फिरतो, माझा घाई करतो. हे मी गावात कबूल करत नव्हतो, इथे करून टाकतो.

मागच्या दिवाळीत बहीण आणि पाव्हणे गाडी घेऊन आले. तीच चंदेरी गाडी. त्यांच्या गावच्या पाणंदीत उसाच्या पातीने डावी बाजू भरून गेली होती. पाव्हण्यांनी ती आपण होऊन पडवीला लावली. बहीण उतरून म्हणाली, “दादा, वहिनीचा हात आता चांगला बसलाय म्हणे. बघ की जरा.” मी पाव्हण्यांकडे पाहिले. ते चपला काढत होते. म्हणाले, “जेवून निवांत करा.”

दुपारी गाडी धुतली. पाणी लावून पाहिले, बहुतेक रेघा जात होत्या. वायर धरायला आमचे चिरंजीव उभे राहिले, आता त्यांना मिसरूड फुटले आहे. मागच्या दाराशी आलो तेव्हा त्यानेच चिकटपट्टीचे रीळ पुढे केले, आणि त्या आडव्या घडीवर मी पट्टी दुहेरी लावली.